एक यंत्र, अनेक बिऱ्हाडे

आमच्या अन्नपूर्णा भागातील कितीतरी घरांची मुले-मुली आज पुण्यास, बंगलोरास नोकरीस आहेत. दिवाळीत ती घरी आली म्हणजे आजोबा विचारतात, "बाळ, तू तिथे नेमके करतोस तरी काय?" "मेनफ्रेमवर काम करतो, आजोबा," एवढे उत्तर मिळते आणि बोलणे फराळाकडे वळते. आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत त्या अर्धवट राहिलेल्या उत्तराचा एक लहानसा भाग पुरा करावा, असे आम्ही योजिले आहे. एका मोठ्या गणकयंत्रावर अनेकजण नांदत असता त्यातील एखादे उपकरण एकाच्याच हाती कसे देतात आणि देताना इतरांचे रक्षण कसे करतात, एवढाच आजचा पाठ आहे. इंग्रजी जाणणारे यास 'पासथ्रू' म्हणतात.

हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. जगातील अनेक मोठ्या बँकांचे हिशेब आजही मेनफ्रेम यंत्रांवर चालतात. एकाचा आकडा चुकून दुसऱ्याच्या खात्यात उमटला तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

मेनफ्रेम म्हणजे अनेकांनी मिळून वापरावयाचे मोठे गणकयंत्र. आपल्याकडील जुने उदाहरण मुंबईचे आहे. तेथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1964 साली सीडीसी 3600 हे यंत्र आले. बाहेरच्या संस्थांचे संशोधकही आपली गणिते त्यावर करून घेत. यंत्र एक आणि गरजू अनेक, ही अडचण त्या काळी जगभर होती. त्याच 1964 सालच्या एप्रिलच्या 7 तारखेस अमेरिकेत आयबीएम कंपनीने 'सिस्टिम 360' ही यंत्रमालिका जाहीर केली. आणि वर्षअखेरीस मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज गावी, त्याच कंपनीच्या केंद्रात, रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच प्रयोग आरंभिला. जानेवारी 1967 पासून तो नित्य वापरात आला. त्याचे नाव सीपी-40. एकाच यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रे त्यात चालत, आणि प्रत्येकास वाटे की सारे यंत्र आपलेच आहे. याच वंशातील 'व्हीएम 370' ही प्रणाली 2 ऑगस्ट 1972 रोजी जाहीर झाली.

हे समजण्यासाठी आपल्या जुन्या इंदुरातील वाडा डोळ्यांपुढे आणावा. वाडा एक, बिऱ्हाडे अनेक. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक आभासी यंत्र. वाड्याचा मालक म्हणजे 'नियंत्रक' नावाचा मुख्य कार्यक्रम. मालक आळीपाळीने वेळ वाटून देतो, म्हणजे यंत्राचे गणित करणारे अंग थोडा थोडा वेळ प्रत्येकास मिळते. मोठ्या तबकडीचे तो लहान लहान वाटे करतो. ज्याचा वाटा त्याने वापरावा. छपाईयंत्रावर दोघांनी एकदम लिहिले तर ओळींची सरमिसळ होईल, म्हणून मालक प्रत्येकाचा मजकूर आधी तबकडीवर साठवितो आणि मग एकेकाचा पुरा करून छापतो. अशा रीतीने बहुतेक सर्व वस्तूंत वाटणी साधते.

परंतु काही वस्तू वाटता येत नाहीत. चुंबकीय फीत ही त्यांपैकी एक. ती एका टोकापासून क्रमाने वाचावी लागते. एकाच पोथीवर दोघे वेगवेगळ्या अध्यायांचे पारायण करू लागले, तर पाने उलटता उलटता दोघांचीही जागा चुकेल. म्हणून फीतयंत्र ज्या काळात ज्यास हवे, त्या काळात ते सर्वस्वी त्यालाच द्यावयाचे. व्हीएममध्ये ही गोष्ट दोन प्रकारे होते. कायमचे द्यावयाचे असेल तर त्या आभासी यंत्राच्या नोंदीत 'डेडिकेट' ही ओळ लिहितात. तात्पुरते द्यावयाचे असेल तर यंत्रचालक 'अटॅच' ही आज्ञा देतो आणि काम झाल्यावर 'डिटॅच' म्हणून ते परत घेतो. यात एक गंमत आहे. समजा, खरे फीतयंत्र 580 क्रमांकाचे आहे. पण बिऱ्हाडकरूस ते 181 या क्रमांकाने ओळखण्याची सवय आहे. तेव्हा '580 हे अमक्यास 181 म्हणून द्या' असे सांगता येते. त्यास खरा क्रमांक कळण्याची गरजच नसते.

आता मुख्य प्रश्न. वस्तू हाती दिली. मग मालकाने लक्ष काढून घ्यावे काय? नाही. का, ते पाहू.

मेनफ्रेममध्ये उपकरणांशी देवघेव करण्याचे काम 'चॅनल' नावाचे स्वतंत्र अंग करते. त्यास कामाची एक यादी द्यावी लागते. यादीतील प्रत्येक ओळीत काय करावयाचे, स्मृतीतील कोणत्या पत्त्यावर आणि किती अक्षरे, हे लिहिलेले असते. चॅनल आज्ञाधारक आहे, पण भोळा आहे. लिहिलेला पत्ता तो खरा मानतो. बिऱ्हाडकरू मात्र आपल्या घरापुरतेच पत्ते जाणतो. त्याच्या पहिल्या खोलीचा पत्ता साऱ्या वाड्याच्या हिशेबाने निराळाच असतो. त्याची यादी जशीच्या तशी चॅनलच्या हाती पडली, तर फितीवरील मजकूर शेजाऱ्याच्या खोलीत जाऊन पडेल.

म्हणून नियंत्रक असे करतो. चॅनल सुरू करण्याची आज्ञा बिऱ्हाडकरूने दिली की यंत्र ती तेथेच अडवून नियंत्रकाकडे वळविते. नियंत्रक यादीची स्वतःची प्रत करतो, प्रतीत सर्व पत्ते खरे घालतो, त्या जागा काम संपेपर्यंत हलणार नाहीत अशा बांधून ठेवतो आणि मगच आपली प्रत चॅनलकडे सोपवितो. काम संपल्याची वर्दी आली की ती बिऱ्हाडकरूस पोचवितो.

एक उदाहरण सोडवू. मुलांनी पाटीवर ताडून पाहावे. स्मृतीची पाने 4096 अक्षरांची आहेत, आणि पाने व पत्ते दोन्ही शून्यापासून मोजावयाचे. बिऱ्हाडकरूने सांगितले, 'फितीवरील 200 अक्षरे पत्ता 4000 पासून ठेवा.' त्याच्या शून्याव्या पानाचा शेवटचा पत्ता 4095. म्हणजे त्या पानात 96 अक्षरे मावतात, उरलेली 104 पुढील पानात जातात. समजा, त्याचे शून्यावे पान खऱ्या स्मृतीत 150 व्या जागी आहे आणि पहिले पान 90 व्या जागी. 150 गुणिले 4096 म्हणजे 6,14,400. त्यात 4000 मिळविता 6,18,400. आणि 90 गुणिले 4096 म्हणजे 3,68,640. तेव्हा नियंत्रकाने दोन खऱ्या जागा सांगावयाच्या: 96 अक्षरे 6,18,400 पासून आणि 104 अक्षरे 3,68,640 पासून. बिऱ्हाडकरूस एकसलग वाटणारी जागा वाड्यात दोन ठिकाणी आहे. पण त्यास त्याची जाणीवही होत नाही.

या तपासणीस अर्थातच वेळ लागतो. म्हणून व्हीएम 370 मध्ये एक सवलत ठेवलेली होती. एका, आणि एकाच, आभासी यंत्रास खऱ्या स्मृतीत अशी जागा देता येई की, शून्यावे पान वगळता, त्याचे पत्ते आणि खरे पत्ते एकच. मग भाषांतर नको, काम जलद. परंतु ही सवलत दिली म्हणजे त्या एकाच्या यादीवरील पहारा उठला. त्याच्या हातून चुकीचा पत्ता लिहिला गेला तर नुकसान साऱ्या वाड्याचे. अशी सवलत पूर्ण विश्वासाच्या बिऱ्हाडासच द्यावी, हे उघड आहे.

पुढे यंत्रे बदलली, फितींची जागा बहुतांशी इतर साधनांनी घेतली. घरगुती यंत्रांच्या घराण्यात तर पत्ते तपासणारा पहारेकरी यंत्राच्या घडणीतच बसविण्यात आला. पण 2017 साली लिनक्स प्रणालीत मेनफ्रेमची चॅनलवरील उपकरणे आभासी यंत्रास थेट देण्याची सोय आली, तेव्हा तिची रीत कोणती निघाली? यादीची प्रत करावी, पत्ते खरे घालावे, पाने बांधून ठेवावी. पन्नास वर्षांनंतरही तीच! 2018 साली गुप्तलेखनाच्या उपकरणांचीही अशी सोय झाली. त्यांत एका उपकरणाचे अनेक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यास स्वतःची मुख्य किल्ली असते. एका उपकरणातील एक कप्पा एका वेळी दोन बिऱ्हाडांस दिला जात नाही. बँकेच्या गुप्त किल्ल्या अशाच उपकरणांत राहत असल्याने हा नियम किती मोलाचा, हे ध्यानी येईल.

आपल्या ट्रस्टकडूनही मंगलकार्यास मोठी पातेली, पराती आणि सभागृह एका कुटुंबाच्या स्वाधीन करावे लागते. त्या दिवशी ते सर्वस्वी त्यांचे. तरीही कोणास दिले, कोठवर दिले आणि परत केव्हा घेतले, हे वहीत लिहिलेले असते. ही वही म्हणजे अविश्वास नव्हे; तिच्यामुळेच पुढच्या कुटुंबास सारे काही नीट मिळते. मेनफ्रेमच्या नियंत्रकाची वहीही याच जातीची आहे.

यंदाच्या दिवाळीत नातवंडे घरी आली म्हणजे आजोबांनी एवढेच विचारावे: "काय रे, तुझ्या वाड्यात पत्ते कोण तपासतो?" आमची खात्री आहे की मग बोलणे फराळाकडे इतक्या लवकर वळणार नाही.