तेल जाते पंपाने, परत येते कशाने?



गोड्या तेलाचा पत्र्याचा डबा कसा फोडतात ते तुम्ही पाहिले असेल. एका कोपऱ्याला एकच भोक पाडून डबा कलता केला, तर तेल भक्-भक् करीत, थांबत थांबत पडते. दुकानदार समोरच्या कोपऱ्याला आणखी एक बारीक भोक पाडतो आणि लगेच अखंड धार लागते. या दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, हवा आत जाते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. हे दुसरे भोक आज आपल्याला एका विमानात शोधायचे आहे.

हे विमान कारखान्यातले नाही, घरी बांधलेले आहे. अमेरिकेत हा छंद मोठा आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे अशा हौशी लोकांची 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' ही संस्था स्थापली. १९७० पासून तिचा मोठा मेळावा ऑशकॉश गावी भरू लागला. बांधकामाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतः केला असेल, तरच तेथे विमानाला 'घरबांधणीचे' म्हणतात. आपल्याकडे मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. त्याचे इंजिन पिस्टनचे होते. आपण मात्र रोटरी इंजिन बसवलेल्या विमानाचा विचार करणार आहोत.

एक नाव, दोन इंजिने

'रोटरी' हे नाव दोन अगदी भिन्न इंजिनांना आहे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनात दांडा स्थिर असे आणि सिलिंडरांसकट सारे इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे. त्याच्या वंगणासाठी एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही. एकदा आत गेलेले एरंडेल धुराबरोबर बाहेर फेकले जाई. ते परत आणण्याचा प्रश्नच नव्हता. वैमानिकाच्या नाकातोंडात मात्र ते जाई, आणि एरंडेलाचा गुण तुम्हाला सांगायला नको!

दुसरे रोटरी इंजिन जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे. ते १९५७ साली प्रथम चालले. त्यात पिस्टन नाही. मध्ये किंचित दबलेल्या लंबगोलासारख्या पोकळीत एक तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. रोटरची एक फेरी होते तेव्हा दांड्याच्या तीन फेऱ्या होतात. जपानच्या माझ्दा कंपनीने आरएक्स-७ व आरएक्स-८ या मोटारींत ते वापरले. आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ साली थांबले, पण तिची जुनी इंजिने मिळतात. हलके, आटोपशीर आणि थोड्या हलत्या भागांचे असल्याने काही हौशी बांधणारे ते विमानात बसवतात.

या इंजिनात तेलाला दुहेरी काम असते. बाहेरचे कवच पाण्याने थंड होते, पण आतल्या रोटरपर्यंत पाणी पोचत नाही. त्याला थंड करते ते तेलच. फिरत्या दांड्यातील बारीक छिद्रांतून तेल रोटरच्या पोटात उडते, उष्णता घेते आणि बाजूने ओघळून खाली तळटाकीत पडते. या टाकीला इंजिनिअर 'संप' म्हणतात, गॅरेजवाले 'चेंबर'. विमानात तेलाची आणखी दोन ठिकाणे वाढतात. इंजिन मिनिटाला सुमारे ६,००० फेऱ्या करते, पण पंख्याला २,५०० च्या आसपासच हव्या असतात. म्हणून मध्ये गिअरबॉक्स लागतो. उंचावरील विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवण्यासाठी कित्येकजण टर्बोचार्जरही लावतात. दोन्हींना तेल हवे, आणि दोन्हींमधून ते परत यायला हवे.

जाताना पहिलवान, येताना अशक्त

तेल जाते पंपाच्या जोरावर. तो दाब साधारण दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम-भार असतो. परत येताना पंप नसतो, केवळ गुरुत्वाकर्षण असते. टर्बोचार्जर संपमधील तेलाच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर उंच आहे असे समजा. गरम तेलाची घनता ०.८५ धरली, तर

दाब = उंची × घनता = ३० × ०.८५ = २५.५ ग्रॅम-भार प्रति चौ. सेंमी.

५,००० ला २५.५ ने भागून पाहा. परतीचा जोर जाण्याच्या जोरापेक्षा सुमारे दोनशे पट कमी आहे! बोटाएवढ्या जाडीची नळी पाहून 'एवढी पुरे' असे म्हणणारा हौशी बांधणारा नेमका येथे फसतो. जाणाऱ्या तेलाला बारीक नळी पुरते, परत येणाऱ्याला ती पुरत नाही.

किती जाड नळी हवी? सरळ, भरून वाहणाऱ्या नळीतून संथ प्रवाह असेल, तर दर सेकंदाला वाहणारे द्रव त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. हा प्वाझेय यांचा नियम. ८ मिलिमीटरऐवजी १६ मिलिमीटर व्यासाची नळी घेतली, तर प्रवाह दुप्पट नव्हे, २ × २ × २ × २ म्हणजे सोळापट होतो. उलट तेल दाट असेल, तर तेवढ्याच प्रमाणात प्रवाह घटतो. '२०डब्ल्यू-५०' जातीच्या तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, १०० अंश सेल्सियसला जेवढी असते, तिच्या आठ-नऊ पट ४० अंशांना असते. थंडीतल्या पहाटे ती याहूनही पुष्कळ जास्त असणार. म्हणून इंजिन सुरू करताच जोर लावायचा नसतो.

दुसरे भोक

आता तेलाचा डबा आठवा. टर्बोचार्जरमधून बाहेर पडणारे तेल शुद्ध द्रव नसते. अतिवेगाने फिरणाऱ्या दांड्याने ते घुसळलेले असते, ताकावरच्या फेसासारखे. फेसाला जागा जास्त लागते. म्हणून परतीची नळी तेलाने अर्धीच भरावी आणि वरच्या अर्ध्या भागातून हवेला ये-जा करता यावी, इतकी ती रुंद ठेवतात. तिचे खालचे तोंडही संपमधील तेलात बुडू देत नाहीत, पातळीच्या वर ठेवतात. तोंड बुडाले की हवेची वाट बंद झालीच.

संपलाही श्वास हवा असतो. जळलेल्या वायूंपैकी थोडे सीलांच्या फटींतून आत शिरतात आणि दाब वाढवू लागतात. तो बाहेर जाण्यासाठी 'ब्रीदर' नावाची नळी असते. ती तुंबली तर? आपला परतीचा दाब किती क्षीण आहे ते पाहिलेच. फुगा फुगवताना तुम्ही फुंकरीने जेवढा दाब देता, साधारण तेवढाच! म्हणजे संपमध्ये एका फुंकरीएवढा दाब साठला तरी परत येणारे तेल अडते. उंचावरील थंड हवेत ब्रीदरच्या तोंडाशी वाफेचे बर्फ होऊन ते बंद होऊ शकते. म्हणून विमानात या नळीला तोंडाच्या बरेच अलीकडे, उबदार भागात, आणखी एक छोटी खाच ठेवतात. हेच ते डब्याचे दुसरे भोक!

उतार कोणाच्या नजरेने?

सर्वांत फसवी चूक पुढेच आहे. समजा, टर्बोचार्जर इंजिनाच्या मागे आहे आणि परतीची नळी तेथून पुढे, संपकडे जाते. विमान सपाट जमिनीवर उभे असताना नळीला पुढच्या दिशेने १० अंशांचा उतार आहे. तेल छान वाहते, बांधणारा खूष होतो. मग विमान उडते आणि नाक १५ अंश वर करून चढू लागते. आता नळीचे पुढचे टोक १५ अंशांनी उचलले गेले. १० अंशांचा उतार जाऊन ५ अंशांचा चढ झाला!

आणि हे घडते केव्हा? इंजिन पूर्ण जोरात असताना, जमीन जवळ असताना. टर्बोचार्जरमध्ये तेल साठते, तेथील सीलांमधून झिरपून धुराड्यात जाते आणि मागे पांढुरका-निळा धूर निघतो. समजा, संपमध्ये ५ लिटर तेल आहे, २ लिटर उरले की पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि मिनिटाला १ लिटर तेल परत येत नाही. तर अवघ्या तीन मिनिटांत बेअरिंगांना तेलाऐवजी हवा मिळू लागेल. मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते. विमानाला कडा नसते.

संपचेही तसेच. ४० सेंटिमीटर लांबीचा संप १५ अंश कलला, तर त्याच्या पुढच्या व मागच्या टोकांशी तेलाच्या पातळीत ४० × ०.२६८ = १०.७ सेंटिमीटर फरक पडतो. म्हणून पंपाचे तोंड चढताना तेल जेथे गोळा होते तेथे, म्हणजे मागच्या बाजूला ठेवतात.

मग वळणाचे काय? एसटी घाटात वळली की आपण बाहेर कलतो, तसे विमान ६० अंश तिरपे होऊन वळताना तेलही एका बाजूला जाईल, असे तुम्हाला वाटेल. पण नाही! एसटी सपाट राहून वळते, विमान वळणाच्या आत कलते. नीट साधलेल्या वळणात गुरुत्व आणि वळणाचा परिणाम मिळून जी एकूण ओढ होते, ती विमानाच्या तळाकडेच असते. ६० अंशांच्या वळणात ती नेहमीच्या दुप्पट होते. तेल तळाशीच राहते आणि जास्त जोराने परत येते. धोका असतो तो उलट वेळी, नाक एकदम खाली दाबले तर. आकाशपाळणा खाली येताना पोटात गोळा येतो, त्याच क्षणी तेलही टाकीत वर तरंगते आणि परतीचा प्रवाह थांबतो.

उडण्यापूर्वीची परीक्षा

जागेअभावी नळीला पुरेसा उतार देता येत नसेल, तर तेल ओढून आणणारा आणखी एक छोटा पंप बसवावा लागतो. पण बिघडू शकेल अशी एक वस्तू त्याने वाढते. उतार कधी बिघडत नाही.

काहीही केले तरी परीक्षा जमिनीवरच घ्यावी. पुढचे चाक फळ्यांवर चढवून नाक चढतानाच्या कोनापेक्षा थोडे अधिकच वर करावे. परतीच्या नळीत मोजलेले एक लिटर तेल वरून ओतावे आणि खाली यायला किती सेकंद लागतात ते घड्याळात पाहावे. एकदा कोमट तेल, एकदा गार. तेवढ्या वेळात पंप जेवढे तेल धाडतो, त्याच्या निदान दुप्पट परत येत असावे. मग विमान घट्ट बांधून, नाक वरच ठेवून, इंजिन पूर्ण जोराने चालवावे आणि आधी व नंतर तेलाची पातळी मोजावी. तेल बदलल्यावर तळाचा ड्रेन-प्लग तारेने जखडण्यास विसरू नये. हादऱ्यांनी तो सैल झाला, तर एवढा सारा विचार वाया जाईल.

कारखान्यात आरेखन एकजण करतो, जोडणी दुसरा, तपासणी तिसरा. घरी बांधलेल्या विमानात बहुधा हे तिघे एकच असतात, आणि पहिल्या उड्डाणाला बसणाराही बहुधा तोच. म्हणून 'सपाट जमिनीवर चालते ना?' एवढ्यावर त्याने समाधान मानू नये. 'नाक वर केल्यावर चालते का?' हे त्याने स्वतःला विचारावे.

करून पाहा

१. प्लॅस्टिकच्या बाटलीत गोडे तेल भरून बुचाला एक भोक पाडा व बाटली उलटी धरा. मग बुडाला दुसरे भोक पाडा. दोन्ही वेळा रिकामी व्हायला लागलेला वेळ मोजा. तेल कोमट करून (उकळते नको) पुन्हा मोजा.

२. नळीचा व्यास १० मिलिमीटरऐवजी १५ मिलिमीटर केला, तर प्रवाह किती पट होईल?

३. वरच्या उदाहरणातील नळी पुढे नेण्याऐवजी मागच्या दिशेने १० अंश उताराने नेली, तर चढताना उतार किती होईल? आणि १५ अंश नाक खाली करून उतरताना?