दगडातली जाळी

सांगली-साताऱ्याकडे डोंगर कापून काढलेल्या रस्त्याच्या कडेला दोन तऱ्हेचा दगड दिसतो. एक काळाभोर, घट्ट. दुसरा करडा-तांबूस, अंगभर पांढरे ठिपके. दुसऱ्याचं नाव अमिग्डलॉइडल बेसाल्ट. सिव्हिलची पोरं एवढं नाव पाठ करून व्हायव्हा काढतात! पण ते ठिपके आले कुठून?

साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. खोल जमिनीत, दाबाखाली, लाव्हात पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड विरघळलेले असतात. वर आल्यावर दाब सुटतो आणि सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे धरतात. ते वर चढतात, पण थराच्या वरची साय आधीच घट्ट झालेली असते, तिच्याखाली अडकतात. म्हणून माथ्याला इडलीसारखी जाळी (चांगल्या इडलीसारखी, मेसच्या नव्हे) आणि मधला भाग घट्ट. तळाशी कधी बारीक उभ्या नळ्या सापडतात. त्या वाकलेल्या असतील तर लाव्हा कुठे वाहत होता तेही कळतं.

पुढे खडकात मुरलेलं गरम पाणी या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, कॅल्सेडनी साठवत गेलं, भिंतीकडून आत. मोठ्या पोकळीत मधे जागा उरली की तिथे सुंदर स्फटिक वाढतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते बघावेत.

पोकळीला बुडबुडाच लागतो असं मात्र नाही. बेल्जियमच्या फार जुन्या, समुद्रतळावर तयार झालेल्या चुनखडकाच्या टेकाडांत सपाट तळाच्या, वेड्यावाकड्या छताच्या पांढऱ्या आकृत्या आहेत. 1881 साली द्यूपाँ यांनी त्यांना स्ट्रोमाटॅक्टिस नाव दिलं. त्यांना तो एखादा जीवच वाटला होता. आज बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं : टेकाड स्पंजांनी बांधलं, स्पंज मेले, सडले, आकसले, पण भोवतालचा चुन्याचा चिखल तोवर घट्ट झाला होता, म्हणून जागा रिकामी राहिली. पाण्याबरोबर आत आलेला बारीक गाळ तळाला समपातळीत बसला, उरलेली जागा कॅल्साइटने भरली. सर्वांचं यावर एकमत नाही, पण मला हे पटतं. तो सपाट तळ म्हणजे करोडो वर्षांपूर्वीची स्पिरिट लेव्हलच की! थर नंतर कलला असेल तर लगेच कळतं.

म्हणजे जन्म वेगळा, भरणं सारखंच. आणि इंजिनिअरला भरण्याशीच जास्त काम. कोयनेचं 103 मीटर उंच धरण याच बेसाल्टच्या मुलखात उभं आहे, आणि त्याचं पाणी कराडला कृष्णेला मिळून आपल्या सांगलीच्या घाटाला लागतं. पायात जाळीचा दगड आला की नवखा माणूस घाबरतो. खरं तर जाळी पूर्ण भरलेली असेल तर या दगडात सांधे फार कमी असतात, पाणी अडतं. उलट दिसायला पोलादी असलेल्या काळ्या दगडाला सांध्यांच्या भेगा असतात, आणि पाणी तिथूनच निसटतं. ग्राऊटिंग करावं लागतं ते बहुधा यालाच.

खडीसाठी मात्र काळाच घ्यावा. ठिपक्यांतली कॅल्सेडनी सिमेंटमधल्या अल्कलीशी रिॲक्शन करून काँक्रीटला तडे पाडू शकते. बोगद्यातही सावध. जाळीच्या दगडाचे काही प्रकार खोदताना टणक असतात आणि उघडे पडले, हवा-ओल लागली, की चुरा होऊ लागतात. तिथे अस्तर लवकर मारावं लागतं.