अर्ध्यावरची हातकामे

हस्तकला म्हटली की प्रदर्शनात मांडलेल्या पुऱ्या वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येतात. घरात मात्र त्या क्वचितच पुऱ्या असतात. गेल्या जूनमध्ये आमच्या डिचोलीच्या घरी वसरीवर चार कामे एकाच वेळी अर्ध्यावर पडली होती : बांबूच्या कामट्यांची रोवळी, जुन्या लुगड्यांची गोधडी, चवथीसाठी करायला घेतलेला मातीचा उंदीर आणि क्रोशाचा टेबलक्लॉथ. पहिली तीन माझ्या हौसेची. चौथे आईचे. तिला टाके दिसेनासे झाले तेव्हा तिने ते गुंडाळून ठेवले आणि मी ते पुरे करीन असे कबूल करून बसलो. (मुलग्याने क्रोशा शिकावा याचे पेडण्याच्या आमच्या मामांना अजून हसू येते.)

वास्तविक अनेक कामे एकदम हाती असणे हा दोष नव्हे. आमच्या भागातील गणपतीच्या शाळेत पावसाळ्यात डोकावून पाहावे. पन्नास मूर्ती अपुऱ्या दिसतील, पण एकही रेंगाळलेली नसते. ओल्या मातीला घाई चालत नाही. धड थोडे आवळल्यावर हात जोडायचे, सर्व सुकल्यावर रंग. एक मूर्ती वाळत असता कारागीर दुसरीकडे वळतो. तेथे प्रतीक्षा मातीची असते. माझ्या वसरीवर ती माझी होती, एवढाच फरक.

शिवाय प्रत्येक वस्तू सारखीच थांबत नाही, हे मला नुकसान सोसून कळले. उंदराचे धड आठ दिवस उघडे राहिले; नंतर ओले कान जोडले ते दुसऱ्याच दिवशी सुटले. माती वाळताना आकसते. वाळलेले धड आकसून चुकलेले, कान आकसायचे बाकी, म्हणून जोड टिकत नाही. ओले फडके वर टाकले असते तर भागले असते. वाळलेल्या कामट्या वाकवताना मोडतात. त्या पाण्यात भिजवल्या की पुन्हा बऱ्याच वळू लागतात. गोधडी तर सर्वांत सोशिक. सुई टोचून ठेवावी आणि सहा महिन्यांनी त्याच टाक्यापासून पुढे जावे.

क्रोशाचा धागाही थांबतो, पण हात बदलला की कुरबुर करतो. आईच्या विणीत 10 सें.मी.मध्ये 32 टाके बसत, माझ्या 28. म्हणजे तिचे 32 टाके मी घातले की साडेअकरा सें.मी. होत, आणि कापडाची कड झालरीसारखी फुगे. चार ओळी दोनदा उसवल्या. शेवटी एक नंबर बारीक सुई घेतली, तेव्हा माप जवळपास जुळले. नवा धागा त्याच क्रमांकाचा असूनही किंचित पिवळट निघाला, त्याला इलाज नव्हता.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ब्लूमा झायगार्निक हे नाव परिचित असेल. अपुरे राहिलेले काम पुऱ्या कामापेक्षा अधिक स्मरणात राहते, असे तिने 1927 साली बर्लिनमधील प्रयोगांवरून मांडले. पुढील प्रयोगांत हा निष्कर्ष नेहमी जुळला नाही. तिची सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिने 1928 साली दाखविलेली गोष्ट मात्र अधिक टिकली : मध्येच थांबविलेले काम माणूस, कोणी न सांगताही, पुन्हा हाती घेऊ पाहतो. माझा अनुभव दुसरीच्या बाजूचा आहे. रोवळी मी साफ विसरलो होतो. टेबलक्लॉथच्या गाठोड्याकडे हात मात्र आपोआप जाई, आणि उसवण्याच्या भीतीने मागेही येई.

चवथीच्या आधी तीन दिवस तो पुरा झाला. रोवळी अजून तळापर्यंतच आहे. आईने कापड मांडीवर घेतले, एका कडेपासून बोटे फिरवीत नेली आणि मध्येच थांबली.

"इथून तुझं," ती म्हणाली, आणि तसेच पुढे चाचपू लागली.