वरातीच्या बँडातला शंख

तीस वर्षं तबला शिकवण्यात गेली. त्यामुळे मेक्सिकोचा संगीतकार कार्लोस चावेझ याची ‘शोचिपिली’ पहिल्यांदा ऐकली, तेव्हा मान आपोआप समेची वाट बघत राहिली. सम काही आली नाही. चार फुंकवाद्यं, सहा जण तालवाद्यांवर, आणि पाच-सहा मिनिटांत खेळ खलास. शोचिपिली हा अ‍ॅझ्टेकांचा फुलांचा, गाण्याचा, नाचाचा देव. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९४० साली मेक्सिकन कलेचं प्रदर्शन भरलं, त्यासाठीची ही रचना. असंच काही आपण गोंडांच्या कथांमधल्या, वाद्य वाजवणाऱ्या लिंगोवर नागपुरात करावं, अशी आम्हा दहा जणांना खुमखुमी आली. त्यातून जे कळलं ते लिहितो.

१. कार्यक्रमाचं पत्रक शेवटी छापावं. चावेझने स्वतःच उपशीर्षकात हे संगीत ‘कल्पिलेलं’ असल्याचं सांगून टाकलं. १५२१ साली स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेकांची राजधानी घेतली. पुढे सूर हरवले. हाती उरली ती वाद्यं, चित्रपोथ्या आणि पाद्र्यांनी केलेली वर्णनं. आम्ही मात्र ठसठशीत अक्षरांत ‘प्राचीन गोंडी संगीत’ छापून मोकळे झालो होतो. दोनशे प्रती रद्दीत घातल्या.

२. ट्रॉम्बोनवाला लग्नसराईत शोधू नये. अ‍ॅझ्टेकांच्या शंखाचं काम चावेझने ट्रॉम्बोनला दिलंय. आमचा ट्रॉम्बोनवाला लग्नाच्या बँडातला, म्हणून तालीम आषाढात. त्याने विचारलं, “सर, हे कोनत्या गान्यावर हाय?” कुठल्याच नाही, म्हटलं. “मंग वरात नाचन कशी?” मग देवघरातला शंख आणून फुंकून दाखवला. त्याने ऐकला, डोळे मिटले आणि खालून सरकत असा एक लांब सूर चढवला की संदलच्या मिरवणुकीत ढोल बडवून बहिरा झालेला आमचा वादकही मान वर करून बघायला लागला. इतक्या वर्षांत मी शिष्याला एवढ्या कमी शब्दांत काही शिकवलेलं नाही.

३. सायकलच्या दुकानाशी ओळख ठेवा. अ‍ॅझ्टेकांचं तेपोनाझ्तली म्हणजे आडवा, पोकळ ओंडका; वर चिरा पाडून दोन जिभा सोडलेल्या, प्रत्येकीचा सूर निराळा. टिपऱ्यांच्या टोकाला रबर. आम्ही सागाचा ओंडका कोरला, काठ्यांना जुनी ट्यूब गुंडाळली. पहिली जीभ मीच मोडली.

४. पोथीआधी माणूस गाठावा. इथे आम्ही खरे चुकलो. नागपुरात धर्मप्रसाराला आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या कथा गाणाऱ्या परधानांकडून लिंगोची कथा मिळवली. १८६३ साली ते बुडून वारले; त्यांची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापली. त्यात लिंगो भोपळ्याचं तंतुवाद्य बनवून झाडावर बसून वाजवतो आणि एक म्हातारा भान हरपून नाचायला लागतो. एवढ्यावर आम्ही स्वररचना बांधली. चावेझकडे पाद्र्यांचे कागद, आमच्याकडेही पाद्र्याचे कागद, म्हणून बरोबरी झाल्यासारखं वाटलं! पण ते जुने सूर चावेझला ऐकवायला कुणी उरलेलं नव्हतं. परधानांची किंगरी अजून वाजते, घोड्याच्या केसांच्या तीन तारांवर. गडचिरोलीची एसटी रोज सुटते. आम्ही कल्पना करत बसलो ती सोय म्हणून.

५. सहा मिनिटांचा हट्ट सोडावा. शेवटी गडचिरोलीकडच्या एका किंगरीवाल्या बुवांकडे गेलो. त्यांनी आमचं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं, दोनदा चहा पाजला. सहा मिनिटांत लिंगो बसवाल का, म्हणून विचारलं तर हसले. एवढ्यात तर किंगरी लागते, म्हणाले. कथेला रात्र पाहिजे.

रचनेत आता मधोमध मोकळी जागा सोडलीय, किती मिनिटांची ते लिहिलेलं नाही. बुवा धान निघाल्यावर येतो म्हणालेत. ट्रॉम्बोनवाल्याला तेव्हा नेमक्या लग्नाच्या तारखा आहेत.