मुलांच्या जुन्या शर्यती-मोटारीची पारख

फ्रान्समधील मोल्सहाइम येथे एत्तोरे बुगाती यांनी आपला धाकटा मुलगा रोलां याच्याकरिता, 'टाइप ३५' ह्या शर्यतीच्या मोटारीची निम्म्या आकाराची, विजेवर चालणारी प्रतिकृती केली. १९२७ पासून तशाच गाड्या 'टाइप ५२' ह्या नावाने विकल्या गेल्या. पुढे त्यांच्या नकलाही झाल्या.

अशी गाडी हाती आल्यास प्रथमच रंगाचा डबा उघडू नये. सांगाड्यावरील क्रमांक, मूळ रंगाचे थर आणि जोडांची ठेवण ह्यांवरूनच अस्सल गाडी ओळखावयाची असते. म्हणून आधी मापे व छायाचित्रे घ्यावीत. खरवडून टाकलेला पुरावा पुन्हा मिळत नाही. नंतर बॅटरी सोडवून तारांवरील आवरण तपासावे, आणि चाके जमिनीपासून उचलूनच यंत्र चालवून पाहावे. ब्रेकची खात्री झाल्यावाचून मुलाला आत बसवू नये.