रोमन कॅथॉलिक मंडळी, विवाह आणि संततिनियमन

एका खेड्यांतील प्रचारकबंधूंनीं पत्र लिहून असें विचारिलें आहे कीं, "आमच्या मंडळींतील एका तरुणाचा विवाह रोमन कॅथॉलिक मुलीशीं ठरत आहे. वडील माणसें म्हणतात, तिचे पाद्री तिला दरवर्षीं मूल व्हावें असा हुकूम करितील. हें खरें काय?" हें खरें नाहीं. परंतु ही समजूत आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे आणि तिच्यापायीं सुनांस घरांत टोमणे ऐकावे लागतात. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

रोमन मंडळीच्या ह्या शिकवणीचें मूळ संत आगस्टीन याच्या लेखनांत सांपडतें. इ. स. ४०१ च्या सुमारास त्यानें विवाहाच्या चांगुलपणाविषयीं ग्रंथ लिहून त्याचीं तीन हितें सांगितलीं; संतति, एकनिष्ठता आणि न तुटणारें बंधन. ह्या बंधनामुळें ती मंडळी विवाहास संस्कार म्हणते. आपण संस्कार दोनच मानितों, ती सात मानिते. तरी बाप्तिस्मा झालेल्या दोघां प्रॉटेस्टंटांचा विवाहहि ती खरा संस्कार समजते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. तसेंच, मूल होत नाहीं एवढ्यावरून विवाह रद्द होतो असें ती मानीत नाहीं. जेथें वांझ म्हणून बायकोला माहेरीं धाडितात, तेथें ही गोष्ट मोठ्यानें सांगण्याजोगी आहे.

गर्भधारणा टाळण्याच्या उपायांस तिचा विरोध जुना आहे. पण येथें आपण फुशारकी मारूं नये. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायांतील ओनानाच्या कृत्याचा लूथर व काल्विन यांनींहि कडक निषेध केला होता. अँग्लिकन बिशपांनीं लँबेथच्या १९०८ व १९२० च्या परिषदांत ह्या उपायांस नकारच दिला. १९३० सालीं १९३ विरुद्ध ६७ मतांनीं त्यांनीं कांहीं अटींवर मोकळीक दिली, तेव्हां कोठें वाटा निराळ्या झाल्या. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरास पोप अकरावे पायस यांनीं परिपत्रक काढून जुनी बंदी पुन्हा सांगितली. आपल्या मुंबईंत र. धों. कर्वे यांनीं १९२१ सालीं संततिनियमनाचें केंद्र काढिलें. ह्या मतांपायीं त्यांस विल्सन कॉलेजांतील नोकरी सोडावी लागली. आणि तें कॉलेज रोमन मंडळीचें नव्हे, स्कॉच मिशनचें होतें!

ह्या बंदीचा अर्थ मुलांच्या संख्येचा विचारच करूं नये असा मात्र नाहीं. १९५१ सालीं बारावे पायस यांनीं इटलींतील सुइणींपुढें बोलतांना सांगितलें कीं, गंभीर कारण असल्यास ज्या दिवसांत गर्भ राहत नाहीं त्या दिवसांपुरताच संग ठेवण्यास हरकत नाहीं. पुढें गोळ्या निघाल्या, तेव्हां १९६३ सालीं तेविसावे जॉन यांनीं विचारासाठीं एक समिति नेमिली. १९६६ सालीं तिचें बहुमत बदलाच्या बाजूस पडलें. परंतु सहावे पॉल यांनीं तें स्वीकारिलें नाहीं. 'हुमाने व्हिते' ह्या २५ जुलै १९६८ च्या परिपत्रकांत त्यांनीं शिकविलें कीं, दांपत्यसंगांत पतिपत्नीचें ऐक्य आणि जीवनदान हे दोन अर्थ देवानें जोडिले आहेत, ते मनुष्यानें बुद्ध्या वेगळे करूं नयेत. म्हणून गोळी, निरोध, नसबंदी ह्यांस मनाई. पण खऱ्या आजारावर घेतलेल्या औषधानें गर्भ राहीनासा झाला तर दोष नाहीं. आपल्या शेतीच्या भाषेंत बोलावयाचें तर, पावसाळ्यांत जमीन पड ठेवणारा कांहीं नियम मोडीत नाहीं. परंतु बीं भाजून पेरणारा पेरणीचें सोंग करितो, असें त्यांचें म्हणणें. आजहि त्या मंडळीची शिकवण हीच आहे.

मला हा भेद पुरता पटत नाहीं. दिवस पाळण्याची रीत नवऱ्याच्या संयमावर उभी आहे. जो दारू पिऊन घरीं येतो, त्याच्या बायकोनें दिवस मोजून काय करावें? पांचव्या बाळंतपणांत जिचा जीव जातां जातां वांचला, तिला आपण काय सांगणार? ही अडचण पुष्कळ कॅथॉलिकांसहि दिसली, आणि कॅनडांतील बिशपांनीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत सदसद्विवेकबुद्धीस बरीच जागा ठेविली. तरी त्या परिपत्रकांत एक इशारा होता कीं, सरकारें हे उपाय लोकांवर लादूं लागतील. तो पोकळ ठरला नाहीं. आणीबाणींत, १९७६ सालीं, बार्शीसारख्या ठिकाणीं पुरुषांस धरून नसबंदीस नेलें. त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें सक्तीचें विधेयक मंजूरहि केलें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें तेथेंच राहिलें.

आतां प्रचारकबंधूंच्या तरुणाविषयीं. मुलीस आपल्या धर्माधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागेल. मुलें रोमन मंडळींत वाढविण्याचा आपण होईल तितका यत्न करूं, असें वचन तिला द्यावें लागेल. १९७० पासून तें वरापासून घेत नाहींत, त्याला कळवितात मात्र. देव देईल तीं मुलें प्रेमानें स्वीकाराल काय, असें विवाहसमयीं दोघांस विचारितात. किती, हें विचारीत नाहींत. मुलें मुळींच नकोत असा निश्चय मनांत ठेवून कोणी उभा राहिला, तर तो विवाह त्यांच्या नियमानें खरा ठरत नाहीं. तेव्हां तरुणानें मुलीशीं ह्या गोष्टी साखरपुड्यापूर्वींच बोलाव्या, आणि होणाऱ्या सासूबाईंनीं त्या वेळीं तेथें बसूं नये.