छर्रा हलका करायचा तर...



मागच्या महिन्यात विज्ञान कक्षात आम्ही सायकलच्या मागच्या चाकातील पाव इंची छर्रे घेतले. तीस छर्रे मोजपात्रात टाकल्यावर पाणी 4 मिलिलिटर वर चढले. वजन भरले 31 ग्रॅम. म्हणजे घनता साधारण 7.8. आठवीतील एका मुलीने लगेच विचारले, ‘‘बाई, मग अ‍ॅल्युमिनियमचे छर्रे का करत नाहीत? ते तर जवळजवळ तिप्पट हलके होतील!’’ ‘‘ते मऊ असते म्हणून,’’ एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेख. आपल्या बडोद्यात माणेजा येथे बेअरिंगचा मोठा कारखाना आहे, तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

छर्रा कडीला, कारखान्यातल्या भाषेत रेसला, ठिपक्याएवढ्या जागीच टेकतो. सारा भार त्या ठिपक्यावर येतो. तो सोसण्यासाठी साधारण 1 टक्का कार्बन व 1.5 टक्का क्रोमियम असलेले पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवतात. (बुडवतात तेलात, पण आपण म्हणतो पोलादाला ‘पाणी’ दिले!) अ‍ॅल्युमिनियमला तिथे पहिल्याच फेऱ्यात खळगे पडतील.

मग वजन कमी कशाला करायचे? बेअरिंग वेगाने फिरू लागले की छर्रे बाहेरच्या रेसवर दाबले जातात. वेग दुप्पट झाला तर हा दाबणारा जोर चौपट होतो. विमानाच्या इंजिनात छर्रा स्वतःच्या वजनानेच रेसला जड होतो.

यावर एक वाट अशी, की अ‍ॅल्युमिनियम पोलादातच मिसळावे. त्याचा अणू लोखंडाच्या अणूच्या निम्म्या वजनाचा, शिवाय जागा थोडी जास्त अडवणारा. त्यामुळे दर 1 टक्का अ‍ॅल्युमिनियममागे पोलादाची घनता सुमारे सव्वा टक्का उतरते. 8 टक्के घातले तर दहावा हिस्सा वजन गेले. भरपूर मँगनीज व कार्बन घालून केलेली अशी पोलादे मजबूत असतात, ताणली तरी चटकन तुटत नाहीत.

खरी अडचण पुढेच आहे. अ‍ॅल्युमिनियमला प्राणवायूची फार ओढ. दोघे मिळाले की बनते अ‍ॅल्युमिना, म्हणजे धार लावायच्या चाकातला कुरुंदच. त्याचा डोळ्यांना न दिसणारा एखादा कण पोलादात राहिला, तर लक्षावधी फेऱ्यांनंतर पृष्ठभागाच्या जरा खाली तिथूनच तडा सुरू होतो आणि एक दिवस रेसचा पापुद्रा सुटतो. म्हणून नेहमीच्या बेअरिंग पोलादात अ‍ॅल्युमिनियम 0.05 टक्क्याच्या आत आणि प्राणवायू दहा लाख भागांत 15 भागांच्या आत ठेवतात. जिथे चिमूटभराचाही हिशेब ठेवतात, तिथे 8 टक्के घालायचे! त्यात बेअरिंगला रॉकवेल मापावर 60 च्या आसपास कडकपणा लागतो, आणि मँगनीजवाली ही पोलादे सहसा बरीच मागे राहतात. वितळवताना हवा लागू न देणे आणि कडकपणा वाढवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी साधायची आहेत. आमच्या मते यांत पहिले अधिक कठीण.

तोवर जिथे वेग फार आहे तिथे सिलिकॉन नायट्राइडचे, म्हणजे एक प्रकारच्या चिनी मातीसारख्या पदार्थाचे छर्रे पोलादी रेसमध्ये बसवतात. त्यांची घनता 3.2 आहे, किंमत मात्र सायकलवाल्याला परवडणारी नाही.

दहावीच्या मुलांसाठी गणित: छर्रा 10 टक्के हलका केला, तर रेसवरील जोर तेवढाच ठेवून वेग किती टक्के वाढवता येईल? उत्तरे शनिवारपर्यंत विज्ञान कक्षात द्यावीत. पालकांनीही सोडवून पाहण्यास हरकत नाही.